गुरुजी रजेवर, वर्ग कुणाकडे?

चाळीसेक पटाची, पहिली ते पाचवीची जिल्हा परिषदेची शाळा. वर्ग पाच, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठपर्यंतच्या पटाला दोनच शिक्षक सांगितले आहेत, त्यामुळे कागदोपत्री या शाळेत काही कमी नाही. जिंतूर तालुक्यात चारठाण्याच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवर अशा छोट्या शाळा गावोगाव भेटतात. आता समजा, अशा शाळेतल्या दोन शिक्षकांपैकी बाई प्रसूती रजेवर गेल्या. रजा 180 दिवसांची आणि पूर्ण हक्काची. जूनमध्ये गेलेल्या बाई डिसेंबरात परत येणार, म्हणजे पहिले सत्र संपून दुसरे सुरू झालेले असणार. तेवढे दिवस त्यांच्या वर्गावर कोण?

बहुतेक वेळा कुणीच नाही. उरलेले गुरुजी पाचही वर्ग एका खोलीत घेतात. परिपाठ झाला की पहिलीच्या पोरांना पाटीवर अक्षरे गिरवायला बसवायचे, तिसरीला फळ्यावर वजाबाकीची दहा उदाहरणे टाकायची, चौथीतल्या एका मुलीला उभे करून शिवछत्रपतींचा धडा मोठ्याने वाचायला लावायचा आणि पाचवीकडे वळायचे. तेवढ्यात पहिलीतले एक पोर रडायला लागते. खिचडी शिजली का ते पाहायचे, पोषण आहाराची नोंद करायची, तालुक्याहून मागवलेली माहिती मोबाईलवर भरायची. दुपारनंतर खरे शिकवणे किती उरते, हे अशा शाळेत दिवसभर बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. गुरुजी प्रामाणिक असले तरी एका माणसाला पाच इयत्ता पेलत नाहीत.

फार ओरड झाली तर केंद्रप्रमुख शेजारच्या शाळेतला एक शिक्षक काही दिवस ‘कामगिरीवर’ पाठवतात. इकडचा खड्डा भरतो आणि तिकडे तेवढाच पडतो.

सगळ्या गोष्टीची मेख कायद्याच्या मांडणीत आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 26 नुसार कोणत्याही शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पदे रिक्त असू नयेत. पण रजेवर गेलेल्या बाईंचे पद रिक्त धरले जात नाही. त्या पदावर त्यांचे नाव आहे, पगार चालू आहे, हजेरीपटावर रजेची नोंद आहे. वर्गात शिक्षक नाही, हे मुलांना दिसते. शासनाच्या तक्त्यात ते कुठेच उमटत नाही. म्हणूनच प्राथमिक शाळेत रजेच्या बदल्यात शिक्षक देण्याची पक्की, बारमाही व्यवस्था महाराष्ट्रात उभी राहिली नाही. जे काही झाले ते अडीअडचणीपुरते, त्या त्या वर्षीच्या शासन निर्णयाने झाले.

परदेशात रजेवरच्या शिक्षकाच्या जागी शिकवण्याचे काम वेगळ्या नावाने आणि वेगळ्या परवान्याने चालते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पदवीधराला तीस दिवसांचा आपत्कालीन बदली शिक्षक परवाना मिळतो. त्यावर एका वर्गात साधारण तीस दिवसांपर्यंतच शिकवता येते आणि पैसे दिवसाच्या हिशेबाने मिळतात. इलिनॉय राज्यात बदली शिक्षकाचा स्वतंत्र परवानाच आहे. इंग्लंडमध्ये संस्था नावे नोंदवून ठेवतात आणि सकाळी शाळेचा फोन आला की शिक्षक पाठवतात. ही पद्धत निर्दोष आहे असे नाही. पण शिक्षक आजारी पडणार, बाळंतपण येणार, कुणाच्या घरी दुःख होणार, हे गृहीत धरून ती आखलेली आहे. आपल्याकडे ते गृहीत धरलेले नाही आणि त्याची किंमत मुले मोजतात.

तरीही चारठाण्यातल्या एखाद्या डी.एड. झालेल्या मुलाला किंवा बी.एड. झालेल्या मुलीला तात्पुरते शिकवायचे असेल, तर दारे आहेतच. ती सरकारी कार्यालयात एका फलकावर लिहिलेली नाहीत एवढेच. आधी हातात काय लागते ते पाहू.

आपल्याकडे बदली शिक्षकासाठी वेगळा परवाना नाही. कायमच्या शिक्षकाला जी पात्रता लागते तीच तात्पुरत्यालाही लागते, आणि या प्रकरणातली कळीची गोष्ट हीच आहे. पहिली ते पाचवीला शिकवायचे तर बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका हवी. लोक तिला अजून डी.एड.च म्हणतात, पण तिचे आजचे नाव डी.एल.एड. आहे. प्रवेशाला बारावीत खुल्या प्रवर्गासाठी 49.5 टक्के आणि मागासवर्गीयांसाठी 44.5 टक्के गुण लागतात. बी.एड. हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम 2015 पासून दोन वर्षांचा झाला. बी.एड. असले की खालच्या वर्गांनाही चालते असा समज बरीच वर्षे होता. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देवेश शर्मा प्रकरणात तो मोडून काढला: पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदाला बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. सहावी ते आठवीला पदवी आणि प्रशिक्षण, नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. अशी ही पायरी आहे.

यावर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने ती पहिली ते आठवीसाठी बंधनकारक केली आणि महाराष्ट्राने 13 फेब्रुवारी 2013 च्या निर्णयाने ती स्वीकारली. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने पहिली टीईटी 15 डिसेंबर 2013 रोजी घेतली. दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी तीस गुण. उत्तीर्ण व्हायला साठ टक्के म्हणजे नव्वद गुण, राखीव प्रवर्गाला पंचावन्न टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर सोपा वाटतो, पण निकाल नेहमी कमी लागतो. प्रश्न पाठांतराचे नसतात: मूल बेरजेत हातचा विसरले तर त्याच्या डोक्यात काय चालले असेल, असे विचारलेले असते. ज्याने वर्गात एक महिना घालवला आहे त्याला असा प्रश्न पाहिल्याबरोबर उत्तर सुचते, म्हणून तात्पुरत्या शिकवण्याचा हा फायदा मी कमी लेखत नाही.

प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षांनी बाद होत असे. 2021 मध्ये ते तहहयात झाले आणि 2011 पासूनच्या सगळ्यांना लागू केले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुणे पोलिसांनी टीईटीमधला गैरव्यवहार उघड केला. पैसे देऊन गुण वाढवून घेतल्याच्या कारणावरून 2019-20 च्या परीक्षेतल्या साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ज्यांनी रात्री जागून अभ्यास केला त्यांच्याही प्रमाणपत्राकडे त्या काळात संशयाने पाहिले गेले, याचे वाईट वाटते.

तिसरी पायरी टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. टीईटी आणि टेट यांच्यात नावाच्या सारखेपणामुळे गोंधळ होतो. पहिली पात्रतेची, दुसरी निवडीची. दोनशे प्रश्न दोन तासांत संगणकावर सोडवायचे, त्यातले 120 अभियोग्यतेचे आणि 80 बुद्धिमत्तेचे. इथे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसते. मिळालेले गुण घेऊन शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव नोंदवायचे आणि पसंतीक्रम द्यायचे. ही चाचणी 2017 च्या डिसेंबरात पहिल्यांदा झाली आणि दुसरी थेट 2023 मध्ये. मधली पाच वर्षे मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांनी किराणा दुकानात, कापसाच्या जिनिंगवर, पुण्याच्या कंपन्यांमध्ये काढली. 2023 च्या गुणांवर फेब्रुवारी 2024 मध्ये सुमारे अकरा हजार उमेदवारांची शिफारस झाली. पुढची चाचणी 2025 च्या मे-जूनमध्ये झाली.

भरती इतकी का रखडली, याला मागचा इतिहास आहे आणि तो परभणी-नांदेडच्या शेजारातच घडला. 2000 नंतरच्या दशकात डी.एड. म्हणजे नोकरीची हमी असे घरोघर वाटायचे. बारावीला चांगले गुण मिळालेल्या मुलामुलींना अभियांत्रिकी सोडून डी.एड.ला घातले जायचे, आणि मागणी वाढताच खासगी अध्यापक विद्यालये भराभर निघाली. मग नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांची पटपडताळणी केली. पटावर असलेली बरीच मुले वर्गात नव्हतीच. त्याच धर्तीवर 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर पडताळणी झाली. पट खोटा निघाला की शिक्षक जास्त ठरतात. अतिरिक्त शिक्षक आधी सामावून घ्या, मगच नवे भरा, म्हणून 2 मे 2012 च्या निर्णयाने नवी भरती थांबली. खोटा पट मांडणारे कोण, आणि त्याची शिक्षा भोगणारी पदविकाधारक पिढी कोण! त्या पिढीतली माणसे आज पस्तिशी-चाळिशीत आहेत आणि गावातल्या तात्पुरत्या शिकवण्याच्या कामावर त्यांच्यातलेच पुष्कळ जण दिसतात.

आता दारे. पहिले दार खासगी अनुदानित शाळांचे. इथे नियम जुने आणि त्यातल्या त्यात स्पष्ट आहेत. 1977 चा महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि त्याखालची 1981 ची नियमावली यांत कर्मचाऱ्याचे कायम आणि अ-कायम असे भेद केलेले आहेत. ठरावीक मुदतीच्या तात्पुरत्या जागेवर नेमलेला तो तात्पुरता कर्मचारी. हायस्कूलमधले विज्ञानाचे सर दीर्घ रजेवर गेले की संस्था त्या काळापुरती नेमणूक करू शकते. आदेशाची भाषा ठरलेली असते: नियुक्ती निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची आहे, मूळ शिक्षक हजर होताच ती आपोआप संपुष्टात येईल, कायम करण्याबाबत कोणताही हक्क सांगता येणार नाही. ही वाक्ये वाचून उमेदवाराचे मन खट्टू होते. पण त्यात लपवाछपवी नाही आणि मुदत स्पष्ट लिहिलेली असते, हे चांगलेच. मुदतीआधी काढायचे असेल तर नियम 28 नुसार तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही एक कॅलेंडर महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन द्यावे लागते. हा नियम फार थोड्यांना ठाऊक असतो.

इथे पगार कुठून येतो, ते शिक्षणाधिकाऱ्यांच्या वैयक्तिक मान्यतेवर ठरते. मान्यता मिळाली आणि शालार्थ या वेतन प्रणालीत नाव आले तर शासनाच्या अनुदानातून. मान्यता नाही मिळाली तर संस्था देईल तेवढे. मान्यतेची फाईल परभणीला फिरत असताना वर्ष निघून जाते आणि रजेवरचे सर परतही येतात. 2025 मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळखक्रमांकांचे प्रकरण उघड झाले, तेव्हापासून या कागदांची तपासणी आणखी कडक झाली आहे. कुणी ‘आयडी काढून देतो’ म्हणून पैसे मागितले तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

दुसरे दार तासिका तत्त्वाचे. पूर्ण कार्यभार नसलेल्या विषयाला तासावर माणूस घेतात. तास भरला तर पैसे, सुट्टी पडली तर शून्य. उन्हाळा आणि दिवाळी कोरडी. वरिष्ठ महाविद्यालयात नोव्हेंबर 2018 च्या निर्णयाने एका तासाला 500 रुपये ठरले होते आणि आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास देता येत होते. म्हणजे सगळे तास पदरात पडले तरी महिन्याला 18,000 रुपये, तेही महाविद्यालय चालू असताना. पुढे हा दर वाढला. शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांचे दर याहून बरेच खाली आहेत. एम.एस्सी. बी.एड. झालेला मुलगा एका गावात सकाळचे दोन तास, दुसऱ्या गावात दुपारचे दोन तास घेतो आणि पेट्रोलचा खर्च वजा करून हाती काय राहिले ते मोजतो.

तिसरे दार जिल्हा परिषदेचे. ते उघडते आणि बंद होते. 7 जुलै 2023 रोजी शासनाने निर्णय काढला की नियमित भरती होईपर्यंत निवृत्त शिक्षकांना कंत्राटी पद्धतीने घ्यावे, वयाची मर्यादा 70 वर्षे, मानधन महिना 20,000 रुपये. बेरोजगार पदविकाधारकांनी संताप व्यक्त केला. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला काम आणि पस्तिशीतला रिकामा, हे त्यांना पटणे शक्यच नव्हते. सप्टेंबर 2024 मध्ये दहा किंवा कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, डी.एड. किंवा बी.एड. झालेल्यांतून, महिना 15,000 रुपयांवर नेमण्याचे ठरले. 2025 च्या सुरुवातीस तो निर्णय रद्द झाला. त्याच सुमारास मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतले तरुण शाळांत आले: बारावी झालेल्याला 6,000, पदविका असलेल्याला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन, मुदत आधी सहा महिने आणि नंतर वाढवून अकरा. कागदावर ते प्रशिक्षणार्थी होते. खेडोपाडी त्यांच्याकडे सरळ वर्ग सोपवले गेले, आणि मुलांच्या तोंडी तेही ‘सर’ आणि ‘मॅडम’च झाले.

चौथे दार गावाचे. शिक्षक मिळत नाही म्हटल्यावर पालक वर्गणी काढतात, ग्रामपंचायत थोडी भर घालते आणि गावातल्याच शिकलेल्या मुलीला काही हजारांवर वर्गावर बसवतात. मराठवाड्यात हे नवीन नाही. 2000 नंतर वस्तीशाळा सुरू झाल्या तेव्हा स्वयंसेवकांना महिना एक हजार रुपये मिळत. त्यांनी झाडाखाली, देवळाच्या ओसरीत शाळा चालवल्या, पुढे त्यांना निमशिक्षक म्हटले गेले आणि 2014 च्या मार्चमध्ये शासनाने त्यांना नियमित शिक्षक म्हणून सामावून घेतले. तात्पुरत्या कामातून कायमचे झालेले राज्यातले हे मोठे उदाहरण आहे. गावाच्या वर्गणीवर शिकवणारी आजची मुलगी मनात तेच धरून असते. पण वस्तीशाळा ही शासनाची योजना होती, गावाची वर्गणी ही योजना नाही. तिच्या नोंदी कुठेही राहत नाहीत, हे तिला कुणीतरी वेळेवर सांगायला हवे.

पाचवे दार विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे. तिथे वर्षभर जागा असतात आणि सगळ्यांत कमी पगारही तिथेच मिळतो. 1977 चा कायदा त्या मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे, वेतनश्रेणीची तरतूदही. अंमलबजावणीत फार मोठी तफावत आहे आणि गरजू माणूस तक्रार करत नाही.

आता आकडे शेजारी ठेवून बघू. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाची श्रेणी 29,200 ते 92,300 रुपये आहे, माध्यमिक प्रशिक्षित शिक्षकाची 38,600 पासून आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकाची 44,900 पासून सुरू होते. महागाई भत्ता पन्नास टक्के धरला तरी पहिल्या दिवसाच्या प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन आणि भत्ता मिळून 43,800 रुपये होतात. घरभाडे भत्ता वेगळा. पवित्र पोर्टलवरून निवड झालेल्यालाही हे लगेच मिळत नाही. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हापासून पहिली तीन वर्षे ठोक मानधनावर काढायची असतात. ते मानधन दशकभर प्राथमिकला 6,000, माध्यमिकला 8,000 आणि उच्च माध्यमिकला 9,000 रुपये राहिले. परीक्षा देऊन, निवड होऊन, परजिल्ह्यात खोली करून राहायचे आणि महिन्याला सहा हजार! 1 जानेवारी 2023 पासून ते 16,000, 18,000 आणि 20,000 झाले.

म्हणजे एकाच पदविकेच्या, एकच टीईटी पास झालेल्या, एकच पाठ्यपुस्तक शिकवणाऱ्या माणसांना 43,800 पासून काही हजारांपर्यंत काहीही मिळू शकते, आणि ते कोणत्या दारातून आत आलात त्यावर ठरते.

न्यायालयांनी याबाबत दोन दिशांचे निकाल दिले आहेत आणि दोन्ही समजून घेणे गरजेचे आहे. 2006 च्या उमादेवी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की नियमित निवड प्रक्रियेशिवाय घेतलेल्या तात्पुरत्या माणसाला, तो कितीही वर्षे राबला तरी, केवळ त्या बळावर कायम होण्याचा हक्क मिळत नाही. तात्पुरत्या शिक्षकांच्या याचिका याच निकालावर अडतात. 2016 मध्ये पंजाब विरुद्ध जगजित सिंग प्रकरणात मात्र न्यायालय म्हणाले की तात्पुरता कर्मचारी कायम कर्मचाऱ्याइतकेच काम करत असेल तर त्याला त्या पदाच्या श्रेणीतले किमान वेतन मिळायला हवे. 2025 मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना हेच तत्त्व लावले गेले. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ असा होतो: कायम होण्याची आशा धरून बसू नका, पण समान कामाच्या पगाराची मागणी न्याय्य आहे. आपल्याकडे लोक नेमके उलटे करतात. पुढे कायम करतील या आशेवर कमी पैसे निमूट घेतात.

म्हणून वर्गावर जाण्याआधी लेखी आदेश घ्यावा. त्यात पद, इयत्ता, रुजू होण्याची तारीख, मुदत आणि मानधन लिहिलेले असावे. हजेरीपटावर रोज सही करावी. मानधन बँक खात्यातच घ्यावे, रोखीने नाही. काम संपले की त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडून जावक क्रमांकासह अनुभव प्रमाणपत्र मागावे. मुख्याध्यापक बदलून गेले की ते मिळवायला वर्ष जाते. संकोचापायी हे कागद न मागणारी गुणी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्याजवळ पुढे दाखवायला काही राहत नाही.

येती दोन वर्षे या क्षेत्रात हालचालीची आहेत. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी अनिवार्य ठरवली. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची आहे. पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना सवलत आहे, पण बढती हवी तर त्यांनाही परीक्षा द्यावीच लागेल. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. वीस वर्षे शिकवलेले गुरुजी पुन्हा गाईड घेऊन बसलेले पाहून जीव हळहळतो. मात्र ज्यांच्या हाती टीईटीचे प्रमाणपत्र आधीच आहे त्यांचे मोल यामुळे वाढणार, हेही तितकेच खरे.

या सगळ्यावर एक उपाय आहे आणि तो अवघड नाही. रेल्वेत स्टेशन मास्तरांच्या मंजूर संख्येतच रजा राखीव पदे धरलेली असतात, कारण मास्तर आजारी पडला म्हणून गाडी उभी राहून चालत नाही. प्राथमिक शिक्षणात केंद्र हा गट आयता तयार आहे. जवळपासच्या शाळांचे मिळून एक केंद्र होते आणि राज्यात केंद्रप्रमुखांची 4,860 पदे मंजूर आहेत. प्रत्येक केंद्रावर एक रजा राखीव शिक्षक नेमला, त्याला टीईटी-टेटमधूनच निवडले आणि मानधन नाही तर पूर्ण श्रेणी दिली, तर 43,800 रुपयांच्या हिशेबाने वर्षाचा खर्च साधारण 255 कोटी रुपये येतो. घरभाडे भत्ता धरून तो आणखी थोडा वाढेल. शालेय शिक्षणाचा वार्षिक खर्च जिथे हजारो कोटींत जातो तिथे ही रक्कम अशक्य नाही. हा शिक्षक कुणी रजेवर नसेल त्या दिवशी केंद्रातल्या सर्वांत कमजोर वर्गाला जोडीला बसेल. पहिली-दुसरीच्या वाचनासाठी तर अशी जादा दोन हातांची गरज रोजच असते. तो केंद्रातल्या प्रत्येक शाळेला, प्रत्येक फळ्याला आणि बऱ्याच मुलांना नावाने ओळखेल, त्यामुळे बाई रजेवर गेल्या त्या सोमवारी वर्गाला परका माणूस भेटणार नाही. चारठाण्याच्या केंद्रापासून हे करून पाहायला नवा कायदा लागत नाही. शिक्षणसेवक, वस्तीशाळा, निवृत्त शिक्षक या सगळ्या योजना शासन निर्णयानेच आल्या होत्या. रजा राखीव शिक्षकाचे पदही तशाच एका शासन निर्णयाने आणि अर्थसंकल्पातल्या एका तरतुदीने निर्माण होऊ शकते.